‘सैराट’चं संगीत सगळ्यांना पाठ, पण ते मिळतं कुठे? कधीच रिलीज न झालेल्या सिनेमा-संगीताची गोष्ट

‘झिंगाट’ कुणाचं? महाराष्ट्रात कुणालाही विचारा, उत्तर लगेच येईल. अजय-अतुल.

आता दुसरा प्रश्न. त्याच ‘सैराट’मध्ये गाणं सुरू नसताना, परश्या आर्चीकडे नुसता बघत असताना मागे जे संगीत वाजतं, त्या तुकड्याचं नाव काय?

इथे सगळे अडकतात. ते संगीत आपल्याला पाठ आहे, दोन सेकंद ऐकलं तरी सिनेमा डोळ्यांसमोर येतो, पण त्याला नाव नाही. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ थिएटरमध्ये लागला. त्याआधी आलेल्या अल्बममध्ये चार गाणी होती, साधारण वीस मिनिटांची. सिनेमा मात्र पावणेतीन तासांच्या वर आहे. म्हणजे या सिनेमासाठी तयार झालेलं बरंचसं संगीत त्या अल्बममध्ये नव्हतंच.

तरीही ते लोकांच्या फोनमध्ये आहे. कुणाची रिंगटोन, कुणाचं स्टेटस, कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओचं बॅकग्राउंड. कुणीतरी ते सिनेमातून कापून काढलं, जपलं आणि पुढे पाठवलं. अधिकृतपणे कधीच बाजारात न आलेलं संगीत गोळा करणाऱ्यांची एक जमात जगभर आहे. आपल्याकडेही आहे, फक्त आपण तिला ‘बीजीएम शोधणारी पोरं’ म्हणतो.

हा नुसता छंद आहे, चोरी आहे, की जतन? आणि या सगळ्यात जुन्नर-आंबेगावचा संबंध कुठे येतो? एकेक करून बघूया.

‘रिलीज न झालेलं’ म्हणजे नेमकं काय?

यात ढोबळमानाने चार प्रकार येतात.

पहिला प्रकार पार्श्वसंगीताचा, म्हणजे ज्याला आपण बीजीएम म्हणतो. ते सिनेमात असतं, पण बहुतेक वेळा अल्बममध्ये नसतं. ज्या सिनेमात गाणीच नाहीत, तिथे तर अल्बम काढण्याचं कारणच उरत नाही. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ आठवा. २००४ साली आलेल्या या सिनेमात गाणी नव्हती. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून तो ऑस्करसाठी पाठवला गेला. त्याचं संगीत भास्कर चंदावरकरांचं होतं, हे आज किती जणांना सांगता येईल?

दुसरा प्रकार म्हणजे गाण्याचं सिनेमातलं रूप. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. त्यामुळे लांब गाणं रेकॉर्डवर आणताना कडवं गाळलं जायचं, मधलं संगीत छाटलं जायचं. सिनेमात ऐकलेलं गाणं आणि रेडिओवर लागणारं गाणं वेगळं का, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

तिसरा प्रकार रेकॉर्ड होऊन सिनेमातून कापल्या गेलेल्या गाण्यांचा. यातली काही निदान तबकडीवर तरी येतात. ‘शोले’साठी एक कव्वाली रेकॉर्ड झाली होती. ती पडद्यावर आली नाही, पण रेकॉर्डवर आली म्हणून आज ऐकता येते. जी दोन्हीकडे आली नाहीत, ती स्टुडिओच्या टेपवरच राहिली.

चौथा प्रकार डब्यात गेलेल्या सिनेमांचा. गाणी रेकॉर्ड झाली, पैसे संपले, सिनेमा कधी लागलाच नाही.

मग कंपन्या हे संगीत काढत का नाहीत?

सरळ उत्तर आहे, विकलं जाईल असं त्यांना वाटत नाही.

म्युझिक कंपनी सिनेमाआधी गाणी विकत घेते, कारण गाणी ही सिनेमाची जाहिरात असतात. पार्श्वसंगीत तयार होतं सगळ्यात शेवटी, एडिटिंग झाल्यावर, रिलीजची तारीख डोक्यावर असताना. तोवर अल्बम बाजारात आलेला असतो. शिवाय हे संगीत सलग नसतं. इथे वीस सेकंद, तिथे चाळीस सेकंद, मध्येच संवादासाठी आवाज खाली. त्याचा अल्बम करायचा तर पुन्हा मिक्सिंग करावं लागतं, तुकडे जोडावे लागतात, प्रत्येकाला नाव द्यावं लागतं. एवढा खर्च कोण करणार?

दुसरी अडचण मालकीची. कायद्याने रेकॉर्डिंगचा पहिला मालक सहसा निर्माता असतो. म्युझिक कंपनीशी झालेला करार गाण्यांपुरताच असेल, तर बाकीचं संगीत निर्मात्याकडेच राहतं. मराठीत एक-दोन सिनेमे काढून बंद पडलेल्या निर्मिती संस्था ढिगाने आहेत. संस्था गेली, ऑफिस गेलं, टेप कुठे गेल्या ते वारसांनाही माहीत नसतं. आता परवानगी मागायची तर कुणाकडे?

बाहेरच्या देशांतही हे असंच होतं. अमेरिकेत सिनेमासाठी वाजवलेलं संगीत अल्बम म्हणून काढायचं तर वादकांना वेगळे पैसे द्यावे लागायचे. त्यामुळे कित्येक गाजलेल्या सिनेमांचं पूर्ण संगीत वर्षानुवर्षं बाहेर आलं नाही. संग्राहक चोरट्या टेपांची देवाणघेवाण करत राहिले. पुढे इन्ट्राडा, ला-ला लँड रेकॉर्ड्स अशा छोट्या कंपन्यांनी हाच ग्राहक ओळखला आणि मोजक्या प्रती काढून रीतसर परवानगीने तेच संगीत विकायला सुरुवात केली. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी केलेलं संगीत दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी नाकारलं होतं. सिनेमा १९६८ चा. ते नाकारलेलं संगीत जेरी गोल्डस्मिथ यांनी नव्याने वाजवून घेतलं आणि १९९३ मध्ये ते अल्बम म्हणून आलं. पंचवीस वर्षांनी का होईना, लोकांना ते ऐकायला मिळालं.

मराठीत असं काही होण्यासाठी आधी मूळ टेप किंवा मूळ स्वरलेखन शिल्लक असायला हवं. आणि आपली खरी अडचण तिथेच आहे.

जे सांभाळलं नाही, त्याचं काय झालं?

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्यातल्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत. सिनेमाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे देशातलं पहिलं सिनेमा-संगीत आज आपण ऐकूच शकत नाही. गाणी किती होती हे माहीत आहे, गायकाचं नावही माहीत आहे. आवाज तेवढा गेला.

त्याच्या पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. संगीत गोविंदराव टेंबे यांचं. हा सिनेमा टिकला, म्हणून त्यातलं संगीतही टिकलं, तबकडीवर आलेलं आणि न आलेलंही.

या दोन उदाहरणांत सगळा हिशेब आहे. जे रिलीज झालं त्याच्या हजारो प्रती हजारो घरांत गेल्या, त्यातली एखादी तरी सापडतेच. जे रिलीज झालं नाही, त्याचं नशीब सिनेमाच्या रिळाला बांधलेलं असतं. रीळ गेलं की संगीत गेलं.

आणि रिळं जातात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली. ज्वालाग्राही नायट्रेटची रिळं विझवणं जवळपास अशक्य असतं. त्या आगीत किती मोठा ठेवा गेला याची चर्चा अजून होते. पण त्यासोबत किती संगीत गेलं, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

जुन्नर-आंबेगावचा यात काय संबंध?

दोन संबंध आहेत. एक छोटा, एक मोठा.

छोटा असा की अजय आणि अतुल गोगावले यांचे वडील महसूल खात्यात नोकरीला होते. बदल्यांमुळे या भावांचं बालपण राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर या भागात गेलं. पुढे ‘सैराट’साठी त्यांनी अमेरिकेतल्या सोनी स्कोअरिंग स्टेजमध्ये वाद्यवृंद रेकॉर्ड केला, याची तेव्हा मोठी बातमी झाली होती. पण त्यांच्या संगीतात ढोलकी आणि हलगी ज्या हक्काने येतात, ती वाद्यं याच पट्ट्यात गावोगावच्या जत्रांमध्ये घुमत आलीत.

मोठा संबंध नारायणगावचा. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, फड बघतात, तारीख आणि सुपारी ठरते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरपासून अगदी नगर, नाशिक, साताऱ्यापर्यंतच्या जत्रांचा हंगाम इथून हलतो. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला आणि त्या घराण्याच्या विठाबाई नारायणगावकरही. १९५७ आणि १९९० असे दोनदा त्या राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मानित झाल्या. २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा हलाखीचे दिवस होते. पुढे राज्य सरकारने तमाशातल्या जीवनगौरव पुरस्काराला त्यांचं नाव दिलं.

मराठी सिनेमाने या परंपरेकडून भरभरून घेतलं. १९५९ चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थिएटरमध्ये १३१ आठवडे चालला. गीतं ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचं. १९७२ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला, त्याचं संगीत राम कदमांचं. २०१० मध्ये आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ आला, संगीत अजय-अतुल यांचं. आणि उलटही झालं. सिनेमातली गाजलेली गाणी आता फडावर वाजतात, पब्लिकच त्यांची फर्माईश करतं.

आता यातली गंमत बघा. तमाशाच्या सिनेमांची लावणी तबकडीवर आली, अजरामर झाली. पण त्या तबकडीच्या लेबलवर कुणाची नावं असायची? गायिका, गीतकार, संगीतकार, सिनेमा. ज्याच्या थापेवर ती लावणी उभी राहिली त्या ढोलकीवाल्याचं नाव सहसा नसायचं. म्हणजे अधिकृत रिलीज झालं तरी सगळी नावं टिकतातच असं नाही. आणि जे रिलीजच झालं नाही, त्यात तर संगीतकाराचंही नाव पुसलं जातं.

विठाबाईंच्या आयुष्यावर हिंदीत सिनेमा होत असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. तो लागेल तेव्हा त्याच्या गाण्यांचा अल्बम येईल, प्रत्येक गाण्याला नाव असेल, हक्क असतील, रीलवर वापरायला परवानगी असेल. खुद्द विठाबाई रात्र-रात्र फडावर जे गायल्या त्याला हे काहीच मिळालं नाही. तिथे कुणी टेपरेकॉर्डर चालू केला असेल तर तेवढंच उरलं असणार.

एआय आल्यावर काय बदललं?

पूर्वी पार्श्वसंगीत हवं असेल तर सिनेमात संवाद नसलेली जागा शोधून तेवढाच तुकडा कापावा लागायचा. ५.१ साउंड आल्यावर एक युक्ती सापडली. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरच्या चॅनलला असतात, तो बंद केला की बाजूच्या चॅनलवर बऱ्यापैकी स्वच्छ संगीत मिळतं.

आता एआयची टूल्स एका फाइलमधून आवाज, तालवाद्यं आणि बाकीचं संगीत वेगळं करतात. हीच पद्धत वापरून जॉन लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटमधला आवाज वेगळा काढला गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ रिलीज झालं. तिथे परवानगी होती, बँडचे हयात सदस्य सोबत होते. आपल्याकडे तेच काम एखादा कॉलेजचा पोरगा लॅपटॉपवर करतो.

फायदा उघड आहे. संवादाखाली दबलेलं संगीत मोकळं होतं. तोटे दोन आहेत.

एक म्हणजे हे ‘मोकळं’ झालेलं संगीत मूळ नसतं, मशीनने लावलेला अंदाज असतो. नीट हेडफोन लावून ऐका. जिथे संवाद होते तिथे आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, झांजेचा झणकार तुटतो, वाद्याची घुमणारी शेपटी मध्येच कापली जाते. अशी साफ केलेली फाइलच फिरत राहिली तर काही वर्षांनी लोक तिलाच मूळ समजतील.

दुसरं म्हणजे बनावट माल. ‘अमुक संगीतकाराचं कधीच रिलीज न झालेलं गाणं’ असं लिहून एआयने बनवलेलं काहीही टाकता येतं. फाइल कुठून आली, कोणत्या टेपवरून, कोणत्या सिनेमाच्या कितव्या मिनिटाला, हे कुणी सांगत नसेल तर शंका घ्यायलाच हवी.

कायदा काय म्हणतो?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘अल्बममध्ये नाही म्हणजे फुकट आहे’ हे चूक. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीत रिलीज झालं नाही म्हणून त्याचे हक्क संपत नाहीत.

सिनेमा आणि ध्वनिमुद्रण यांवरचा हक्क प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’वरचा सिनेमा म्हणून असलेला हक्क २०१९ च्या अखेरीस संपला. पण थांबा. गीत आणि स्वररचना यांवरचा हक्क वेगळा असतो, तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. माडगूळकर डिसेंबर १९७७ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. म्हणून ‘जुना सिनेमा आहे, टाक यूट्यूबला’ इतकं ते सोपं नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं मोजायची ती ‘प्रकाशित’ झाल्यापासून. जे गाणं रेकॉर्ड झालं पण ना सिनेमात आलं ना तबकडीवर, त्याचं घड्याळ सुरूच होत नाही. म्हणजे जे संगीत हरवण्याची भीती सगळ्यात जास्त, तेच सगळ्यात जास्त काळ कुलूपबंद.

मग काहीच वाट नाही का? आहे. खासगी वापर, संशोधन, समीक्षा यांसाठी कायद्यात ‘योग्य वापरा’ची सवलत आहे. घरातल्या कॅसेटची प्रत स्वतःसाठी काढणं आणि ती जगासमोर अपलोड करणं यात फरक आहे. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या मूळ प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. आणि मालक सापडतच नसेल, तर कलम ३१-अ खाली वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन, ठरलेली प्रक्रिया पाळून, फी भरून प्रकाशनाचा परवाना मागता येतो. ही वाट लांब आणि खर्चिक आहे, एकट्या छंदिष्ट माणसाला झेपणारी नाही. एखाद्या संस्थेने मनावर घेतलं तर मात्र ती उपयोगी पडू शकते.

संगीतकाराची बाजूही लक्षात घ्यायला हवी. नाकारलेला टेक, अर्धवट चाल, गायकाने फक्त अंदाजासाठी गायलेला ट्रॅक हे लोकांसमोर यावं असं त्याला वाटलं नसेल. तो हयात असेल तर त्याला विचारायला हवं. स्टुडिओतून फुटलेली फाइल ‘जतन’ म्हणून फिरवणं आणि साठ वर्षांपूर्वीच्या सिनेमातलं संगीत वाचवणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत.

नाव गेलं तर काय बिघडतं?

आता मुद्द्याचं. तुम्ही इन्स्टाग्रामवर रील बनवताना लायब्ररीतून गाणं निवडता तेव्हा गायकाचं, सिनेमाचं नाव आपोआप येतं. कारण ते गाणं रीतसर रिलीज झालंय. त्याला आयएसआरसी हा १२ अक्षरांचा कोड आहे. तो कोड म्हणजे रेकॉर्डिंगचं आधार कार्ड. त्यावरूनच कळतं की कुठे काय वाजलं.

रिलीज न झालेल्या संगीताला असा कोड सहसा नसतो. ते लायब्ररीत नसतं, म्हणून कुणीतरी स्वतःच्या फोनवरून टाकतं. खाली काय दिसतं? ‘ओरिजिनल ऑडिओ’ आणि अपलोड करणाऱ्याचं नाव. दहा हजार लोक तोच ऑडिओ वापरतात आणि दहा हजार वेळा चुकीचं नाव छापलं जातं.

याचा संबंध पैशांशी आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना त्यांच्या कामाच्या सिनेमागृहाबाहेरच्या वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला आणि तो करारात पूर्णपणे लिहून देता येत नाही. पण हे संगीत कुणाचं हेच नोंदलेलं नसेल तर रॉयल्टी मोजणार कशी? मराठी संगीतकारांसाठी ही लहान गोष्ट नाही.

आणि संबंध मानाशीही आहे. हक्क विकल्यावरसुद्धा ‘हे काम माझं आहे’ असं सांगण्याचा अधिकार कायद्याने निर्मात्या कलावंताकडेच राहतो. कलम ५७ तेच सांगतं. म्हणजे नाव लिहिणं हा नुसता मोठेपणा नाही, ते देणं आहे.

आंबेगाव तालुक्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव गेलं, नाव राहिलं. नाव राहिल्यामुळेच आजची पोरं विचारू शकतात की ते गाव होतं कुठे. रिलीज न झालेल्या संगीताचं उलटं होतंय. सूर राहतोय, नाव बुडतंय. आणि नाव बुडालं की शोधायला सुरुवात कुठून करायची, हेही कळत नाही.

तुमच्या घरात असं काही असेल तर?

जत्रेत टेप केलेली कॅसेट, दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेला सिनेमा, जुनी व्हीएचएस, तबकडी, सिनेमाच्या गाण्यांची पुस्तिका, असं काही माळ्यावर असेल तर एवढं करा.

फेकू नका. आणि लगेच लावूनही बघू नका. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत पावसाळ्यातली दमट हवा टेपला बुरशी आणते. तशी टेप प्लेअरमध्ये घातली तर टेपही खराब होते आणि मशीनही. आधी जाणकाराला दाखवा. कॅसेट उभी, कोरड्या जागी, स्पीकर आणि लोहचुंबकापासून लांब ठेवा.

डिजिटल प्रत काढायची तर थेट एमपीथ्री करू नका. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी आहे आणि फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारची. खरखर साफ करायची असेल तर प्रतीवर करा, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. आवाज स्वच्छ करण्याची टूल्स पुढे सुधारतील, मूळ फाइल मात्र परत मिळणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, लिहून ठेवा. सिनेमा किंवा फड कोणता, साल कोणतं, कुठल्या गावात, कशावरून रेकॉर्ड केलं, कोण गातंय, ढोलकीवर कोण, हलगीवर कोण. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. ढोलकीवाल्याचं नाव कुठल्याच तबकडीवर नसेल, पण एखाद्या आजोबांना ते नक्की आठवत असेल.

द्यायचं कुठे? पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. आता ते एनएफडीसीच्या अखत्यारीत आहे. सिनेमांसोबत पोस्टर, पुस्तिका, तबकड्या असं साहित्यही तिथे जमा होतं. तबकड्यांच्या बाबतीत १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने मोठं काम केलंय. लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांसाठी गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संग्रहालय आहे.

पुढे काय?

सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी ५९७ कोटी रुपये मंजूर केले होते. सिनेमे वाचवण्याच्या त्या कामात आवाजही वाचतो, कारण जुन्या सिनेमाचं पार्श्वसंगीत सिनेमातच असतं. पण आवाजाची वेगळी नोंद झाली, कुठल्या दृश्यामागे काय वाजतं आणि ते कुणाचं याची यादी झाली, तर ते संगीत पुन्हा शोधता येईल.

नव्या सिनेमांसाठी तर हे आणखी सोपं आहे. निर्मात्यांनी करारातच पार्श्वसंगीताचा अल्बम धरावा. स्ट्रीमिंगच्या काळात तबकडी छापायचा खर्च नाही, दुकानात जागा लागत नाही. तुकड्यांना नावं द्यायची, कोड घ्यायचे आणि अपलोड करायचं. तेलुगूत ‘बाहुबली’च्या पार्श्वसंगीताचे भाग असेच वेगळे काढले गेले. ज्या मराठी पोरांनी ‘सैराट’चे तुकडे सिनेमातून कापून फोनमध्ये ठेवले, ती पोरं हा ग्राहक आहे हे दाखवून मोकळी झालीत.

तोवर एक काम तुमच्या-माझ्या हातात आहे. पुढच्या वेळी एखाद्या रीलखाली ‘ओरिजिनल ऑडिओ’ दिसलं आणि ते संगीत तुम्ही ओळखलंत, तर कमेंटमध्ये सिनेमाचं आणि संगीतकाराचं नाव लिहा. वादकाचं माहीत असेल तर तेही.